दोनशे चौसष्ट हाका

दीक्षा भालेराव जिना चढून वर आली तेव्हा प्रेमलाताई कानिटकर जुन्या लग्नपत्रिका मधोमध कापत बसल्या होत्या. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते, आणि कोरा कागद विकत घेणं ताईंना शुद्ध उधळेपणा वाटे. स्वारगेटजवळच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आजवर जेवढे तपास लागले, ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या शुभविवाहाच्या पाठीवर लिहिलेले होते.

ताईंनी टेलिफोन खात्यात सव्वीस वर्षं काढली होती. काम एकच, फोन का बंद पडला ते शोधायचं. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दारावर ‘खासगी चौकशी’ अशी पाटी लावली. पाटीखाली बारीक अक्षरात ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये’ हेही होतंच.

खालच्या गाळ्यात समाधान ओव्हाळचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ताईंना स्कूटर येत नसे आणि समाधानला घरी बसवत नसे, म्हणून आधी तो त्यांचा सारथी झाला आणि मग मदतनीस. हात त्याचा चांगला होता. डोकं जरा सावकाश चाले, पण चाले.

“समाधानदादा, तुम्हीच सांगा ताईंना,” दीक्षा म्हणाली आणि खुर्चीच्या काठावर बसली.

दीक्षा त्याच्याच गल्लीतली, विश्रांतवाडीची. वय तेवीस. खराडीतल्या झांबरे शीतगृहात तिला मार्चमध्ये नोकरी लागली ती समाधानच्याच शब्दावर. तिथले कॉम्प्युटर तोच सांभाळत असे. आज बुधवार होता, दसरा होऊन तीन दिवस झाले होते, आणि त्या तीन दिवसांत पोरीचा चेहरा पार उतरला होता.

समाधानने सांगितलं ते असं. शीतगृहात सर्पदंशावरच्या लसीच्या अकराशे कुप्या होत्या, गावोगावच्या आरोग्य केंद्रांत जायच्या. थंड खोलीवर एक कॉम्प्युटर दिवसरात्र नजर ठेवून असे. तापमान वाढलं की तो लगेच मेल पाठवी, आणि तोच मेल मेल-सेवेमार्फत सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप होऊन जाई. दसऱ्याच्या दिवशी, रविवारी, सकाळी दहाला कॉम्प्रेसर बंद पडला. ऑफिसला सुट्टी. मेल एकही आला नाही. सोमवारी सकाळी आठला दार उघडलं तर खोलीत बाहेरच्यासारखीच हवा. सगळी लस वाया.

“आणि बिघाड अजूनही आहे,” समाधान म्हणाला. “मशीन मेल-सेवेला जोडायला जातं आणि ‘जोडणी होत नाही’ एवढंच म्हणतं.”

“मग ही इथे का?” ताईंनी दीक्षाकडे बघत विचारलं.

उत्तर दीक्षाने दिलं. “मशीन कुठे काय करतं त्याची नोंद आपोआप होते, ताई. रोजची एक फाइल. शनिवारी अकरा वाजून सात मिनिटांनंतर त्यात काहीच नाहीये. शनिवारी ड्यूटीवर मी होते. रिषीसर म्हणतात, मीच मेल बंद केला आणि नोंदी पुसल्या. बापूसाहेब आज पाचला चौकीवर तक्रार देणार आहेत.” ती थांबली. “माझे बाबा रिक्षा चालवतात. घरात पहिला पगार माझा. चौकीत नाव गेलं की परत कोण उभं करणार मला?”

ताईंनी एक पत्रिका उलटी केली. “तू पुसल्यास?”

“नाही.”

“मग तोंड एवढं पडलंय कशाने?”

दीक्षाने मान खाली घातली. ती काहीतरी गिळून बसली होती, आणि ते समाधानलाही दिसलं. ताईंनी कात्री ठेवली आणि पर्स उचलली.

खराडीत दहा वर्षांपूर्वी ज्वारी होती, आता काचेच्या इमारती होत्या. बापूराव झांबऱ्यांनी जमीन विकली, पण सगळी नाही. उरलेल्या दीड एकरावर शीतगृह बांधलं. त्यांच्या कपाळावर गंध आणि खिशात दोन मोबाइल असत. मेल मात्र त्यांनी आयुष्यात कधी उघडला नव्हता.

“या बाई. समाधान म्हनला तुमी हुशार हाय. शोधा कुनी केलं ते. पर पाचपतोर.”

दाराशीच स्वागतकक्षात एक कॉम्प्युटर होता. त्याच्या पडद्यावर फोटो लावलेला: खंडेनवमीची पूजा. मध्ये देखरेखीचं मशीन, त्याला झेंडूचा हार, कपाळाला कुंकू. बाजूला बापूराव हात जोडून, मॅनेजर रिषी लिमये, आणि निरांजनाचं ताट धरलेल्या गोदाबाई. पडद्याच्या काळ्या काचेत निरांजनाची ज्योत सुरेख दिसत होती.

“फोटो छान आलाय,” ताई म्हणाल्या.

“मीच काढला, टायमर लावून,” रिषी म्हणाला. तिशीचा, घाईतला माणूस. “दीक्षा मिसिंग आहे त्यात, नोट करा.”

ताईंनी माऊस पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर नेला आणि क्षणभर तिथेच ठेवला. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा उलटून गेले होते.

“हे घड्याळ चुकलंय.”

“ते रोजच चुकतं बाई,” फरशी पुसता पुसता गोदाबाई म्हणाल्या. “मी सकाळी आठला चालू करते, तवापासून ते त्याचं त्याचं चालतंय. आमी भितीवरचं बघतो.”

तेवढ्यात फोन वाजला. गोदाबाईंनी ओला हात पदराला पुसून घेतला. “हां डॉक्टरसाहेब... न्हाई, अजून न्हाई आलं सांगन्यासारखं... सांगते.” फोन ठेवून त्या म्हणाल्या, “वेल्ह्याकडचे डॉक्टर. कालपासून तिसऱ्यांदा. भातकापणी सुरू हाय, सापं निघत्यात. लस कवा येनार इचारत्यात.”

रिषीने घाईघाईने आतलं दार उघडलं.

देखरेखीची खोली छोटी होती. एक टेबल, एक मशीन, पडदाभर पसरलेली तापमानाची रेघ. दुसरं काहीच दिसू नये अशीच त्याची मांडणी होती. खाली एक वीजसाठ्याची डबी, वीज गेली तरी मशीन चालू ठेवणारी. मशीनच्या माथ्यावर सुकलेली झेंडूची पाकळी अजून चिकटून होती. दारामागे खिळ्याला देखभालीचं कार्ड टांगलेलं. ताईंनी ते वाचलं: तीन महिन्यांनी एकदा, सात कामं, सात चौकटी. जुलैच्या ओळीत सातही चौकटींत बरोबरच्या खुणा आणि खाली सही, स. ओव्हाळ.

समाधान त्या वेळी खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“हे मशीन नवं आहे?” ताईंनी विचारलं.

“जुनं, पण दणकट. समाधानच्या दुकानातूनच घेतलं,” रिषी म्हणाला. “मार्चमध्ये बसवलं तेव्हापासून एक मिनिटही बंद नाही. मी सगळ्यांना बजावून ठेवलंय, याला बंद करायचं नाही.”

“तीन दिवसांत काय काय तपासलंत?”

“सगळं. पासवर्ड बदलला. केबल बदलली. फायरवॉल काढून बघितली. मेल-सेवेच्या हेल्पलाइनवर दोन तास गाणी ऐकली. त्यांच्याकडून सगळं ओके आहे.”

“हीच केबल, हाच पासवर्ड, पण दुसरं मशीन, असं करून पाहिलंत?”

“माझ्या लॅपटॉपवर. मेल लगेच गेला.”

“मग बिघाड तारेत नाही आणि पलीकडेही नाही. या डब्यातच आहे,” ताई म्हणाल्या. “नोंदींच्या फाइली कशा पाहिल्यात?”

“नेटवर्कवरून. फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे ओळीने लागलेल्या आहेत. तळाला गेलो, शेवटची फाइल शनिवारची, अकरा सातला तुटलेली. रविवारची नाही, सोमवारची नाही. आपोआप असं होत नाही, मॅडम. कुणीतरी डिलीट केल्यात.”

“आत्ताच्या या रेघेचा एक कागद छापून द्या.”

छापील कागद आला. खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढे आकडे होते: ०१/०५/०२.

“हे काय?”

“सोडून द्या. अमेरिकन सॉफ्टवेअर आहे, महिना आधी, दिवस मग, काहीही छापतं.”

ताईंनी तो कागद नीट घडी घालून पर्समध्ये टाकला. समाधानला वाटलं, त्याच्याही मागे आता काहीतरी लिहिलं जाणार.

“शेवटचा प्रश्न. शनिवारी या मशीनला कुणी हात लावला?”

“दीक्षाशिवाय कुणीच नाही,” रिषी म्हणाला.

बापूराव म्हणाले, “मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई. म्या कशाला हात लावू?”

गोदाबाई म्हणाल्या, “मी फकस्त झाडते, बाई.”

ताईंनी तिन्ही उत्तरं लिहून घेतली. पत्रिका कुण्या शेफाली आणि कुण्या संजयच्या लग्नाची होती.

मग त्यांनी एकेकाला बाहेरच्या बाकावर बोलावलं. आधी दीक्षाला.

“पूजेच्या वेळी कुठे होतीस?”

“बाहेर, याच बाकावर. आमच्याकडे पूजा नसते, ताई. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून नाही. मी आत थांबले असते तर कुणी काही म्हटलं नसतं कदाचित, पण कुणी बोलावलंही नाही.”

“काही ऐकू आलं?”

“सुरुवातीला शिट्टीसारखा आवाज आला थोडा वेळ, मग थांबला. मग आरती. पाऊण वाजता मी आत गेले तेव्हा पडद्यावर रेघ होती, नेहमीसारखी.”

“आणि गिळून बसली आहेस ते काय?”

दीक्षाने समाधानकडे पाहिलं, मग सरळ ताईंकडे. “रोज पाचला मशीन स्वतःहून एक खुशालीचा मेल पाठवतं. तो आला की ड्यूटीवरच्याने रजिस्टरात लिहायचं, ‘५.००, मिळाला’. शनिवारी माझी संध्याकाळची नागपूरची गाडी होती. दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीला जातो, दर वर्षी. रजा मागितली होती, मिळाली नाही. मी चारलाच निघाले. निघताना लिहून ठेवलं, ‘५.००, मिळाला’. रोज येतोच ना, म्हटलं.” तिचा आवाज बारीक झाला. “थांबले असते तर शनिवारीच कळलं असतं. नोंदी मी नाही पुसल्या, ताई. पण ती ओळ खोटी आहे. तीन दिवस मला तेवढंच दिसतंय.”

समाधानला तिच्याकडे बघवेना. तेवीस वर्षांची पोर एका खोट्या ओळीसाठी तीन दिवस जेवली नव्हती. तो मात्र सकाळी दोन वडापाव खाऊन आला होता.

मग बापूराव आले.

“त्या पोरीनं परसादसुदिक घेतला न्हाई,” ते म्हणाले. “असल्या मानसाचा काय भरवसा?”

“प्रसाद तिला दिला कुणी?”

बापूरावांनी आठवून पाहिलं. “दिला... नसंल. गडबडीत ऱ्हायलं.”

“खंडेनवमी तुमच्याकडे कशी करता?”

बापूराव खुलले. “रीतीपरमानं. नांगर, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, समदं धुवून पुसून, हार घालून. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं न्हाई. बाप माझा म्हनायचा, वर्सभर ते राबतंय, एक दीस त्याला निजू दे. आता नांगर न्हाई ऱ्हायला, ही मशिनंच आमची हत्यारं.”

ताईंनी नुसती मान डोलावली.

शेवटी गोदाबाई. त्यांना बाकावर बसायचं अवघड वाटत होतं, म्हणून ताईच उठून उभ्या राहिल्या.

“पूजा आवरली कुणी?”

“मीच की. निरांजन शांत झालं, तवा मी ताट उचललं आन्...” गोदाबाई अडखळल्या. “आन् बटन दाबलं. धनी जेवाया गेले हुते.”

“बटण दाबल्यावर रेघ आली?”

“लगीच न्हाई. काळ्यावर पांढरं इंग्रजी काईतरी आलं आन् अडून बसलं. मग मी एफ-वन दाबलं, झालं चालू.”

“एफ-वन तुम्हाला कुणी शिकवलं?”

“ह्यांनीच,” गोदाबाईंनी कौतुकाने समाधानकडे बोट केलं. “म्होरच्या कॉम्प्युटरला रोज सकाळी तसंच येतंय. समाधानभाऊ म्हनले, मावशी, घाबरायचं न्हाई, वरच्या वळीतलं एफ-वन दाबायचं, म्हंजी जातंय.”

समाधान हसला, कारण कुणीतरी हसायला हवं होतं. त्याच क्षणी त्याला अर्धं कळलं. उरलेलं अर्धं कळू नये म्हणून तो चहा सांगायला निघून गेला.

चार वाजता ताईंनी सगळ्यांना देखरेखीच्या खोलीत बोलावलं. बापूराव खुर्चीत बसले, दीक्षा दाराशी उभी राहिली, समाधान तिच्यामागे.

“मी सकाळी विचारलं, मशीनला हात कुणी लावला,” ताई म्हणाल्या. “तिघांनीही नाही म्हटलंत आणि तिघंही खरं बोललात. कारण पूजेला हात लावणं कुणी म्हणत नाही.”

“पूजेचा काय संबंध?” रिषी म्हणाला.

“फोटो बघा. या पडद्यावर दिवसरात्र पांढरी रेघ असते. फोटोत काच काळी आहे, आणि तिच्यात निरांजन दिसतंय. पडदा बंद होता. आणि नुसता पडदा नाही. बापूसाहेब, हत्याराला निजवायचं असतं. भिंतीवरचं बटण तुम्ही बंद केलंत?”

“केलं की. निजवायचं म्हंजी निजवायचं.”

“मग खालची डबी शिट्टी मारायला लागली. वीज गेल्याचं ती सांगत होती. ती दीक्षाने बाहेर ऐकली.”

“आरतीत कटकट नगं म्हनून तिचं बी बटन दाबलं.” बापूरावांचा आवाज उतरला. “त्यात काय चुकलं का?”

“मी फोटो काढत होतो,” रिषी पुटपुटला. “मला वाटलं, फक्त स्क्रीन ऑफ केलीय. पण समजा झालं बंद. दीड तासाने चालू झालं ना? बंद-चालू केल्याने मेल कसा तुटेल?”

ताईंनी पर्समधून छापील कागद काढला. “मार्चपासून हे मशीन कधी बंदच झालं नव्हतं. शनिवारी पहिल्यांदा झालं. कॉम्प्युटर बंद असताना त्याचं घड्याळ चालू ठेवायला आत एक छोटी बॅटरी असते, रुपयाच्या नाण्याएवढी. ती मेलेली असली की यंत्र जागं होतं ते आपला जन्मदिवस धरून. बाहेरच्या कॉम्प्युटरचं तेच होतं. त्याच्या घड्याळावर माऊस ठेवला की तारीख दिसते. सकाळी मी पाहिली: एक जानेवारी, दोन हजार दोन. रोज सकाळी आठला त्याचे दुपारचे बारा वाजतात, म्हणून सव्वाअकराला तिथे तीन वीस दिसत होते. बॅटरी मेली की सुरू होताना काळ्यावर पांढरी सूचना येते. ती बाहेर रोज येते, आणि शनिवारी इथे आली.”

गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“या कागदावरचे आकडे तुम्ही सोडून द्या म्हणालात, लिमये. मी मोजले. महिना आधी, दिवस मग. पाच जानेवारी, दोन हजार दोन. शनिवार एक, रवि दोन, सोम तीन, मंगळ चार, आज बुधवार, पाच. या खोलीत शनिवारी दुपारी नवं वर्ष सुरू झालं, आणि तेही पाच वर्षांपूर्वीचं.”

“ओ शिट,” रिषी म्हणाला.

“मेल-सेवा हल्ली नुसती बोलायला लागत नाही. आधी आपलं ओळखपत्र पुढे करते. त्यावर लिहिलेलं असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य. हे आहे यंदा सुरू झालेलं. आपलं यंत्र बसलंय दोन हजार दोनमध्ये. त्याला वाटतं, हे ओळखपत्र तर अजून पाच वर्षांनी सुरू व्हायचंय, म्हणजे समोरचा तोतया. ते हात आखडून घेतं. पासवर्ड बरोबर, तार बरोबर, माणसं बरोबर. चुकलेली फक्त तारीख.”

“पण डिलीट झालेल्या नोंदी?”

“तुम्ही फोल्डरच्या तळाला गेलात. आता अगदी वर जा. मार्चच्याही वर.”

रिषीने लॅपटॉप उघडला. फाइलींची यादी वर सरकत गेली आणि थांबली. सगळ्यात वर पाच फाइली होत्या, ओळीने, जानेवारी दोन हजार दोनच्या. दुसरी उघडली. सकाळी साडेनऊपासून पानभर एकच वाक्य, दर पाच मिनिटांनी: तापमान वाढलं, मेल पाठवतो, ओळखपत्र अजून ग्राह्य नाही, जोडणी होत नाही.

“शनिवारी साडेबाराला हे जागं झालं तेव्हा त्याचेही दुपारचे बारा वाजले. घड्याळ अर्धा तास मागे, म्हणून दहाचे इथे साडेनऊ. सोमवारी सकाळपर्यंत बावीस तास, तासाला बारा. दोनशे चौसष्ट वेळा त्याने हाक मारली,” ताई म्हणाल्या. “काहीही पुसलेलं नाही. ही पोर निर्दोष आहे.”

दीक्षाने दाराची चौकट धरली.

“आणखी एक. खुशालीचा मेल तुम्हालाही येतो ना, लिमये? शनिवारी आला नाही, हे तुमच्या लक्षात आलं?”

रिषीचे कान लाल झाले. “वीकेंड होता, मॅडम.”

बापूरावांनी भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. मग म्हणाले, “म्हंजी माझ्याच हातानं झालं.”

“नाही. बंद करून चालू करण्याने बिघडेल ते यंत्र कसलं? आत जिवंत बॅटरी असती, तर तुमची पूजा होऊन सगळं सुरळीत चाललं असतं.”

“पण बॅटरी तर बदललीय!” रिषीने खिळ्यावरचं कार्ड काढलं. “हे बघा, जुलै. सहावी चौकट, ‘घड्याळाची बॅटरी बदलली’. टिक आहे.”

ताईंनी कार्डाकडे पाहिलंही नाही. “असं कार्डावर लिहिलंय खरं,” त्या म्हणाल्या. “नवी बॅटरीही कधी कधी वाईट निघते.”

समाधानच्या डोक्यात एकदम थंड हवा शिरल्यासारखं झालं. ताईंनी दार उघडून दिलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. वाईट बॅटरी निघाली, नशीब, विषय संपला. दुकानाचं नाव राहिलं असतं. शीतगृहासारखी आणखी नऊ ऑफिसं त्याच्याकडे होती, आणि नऊ खिळ्यांना नऊ कार्डं.

बापूराव उठले. “मग तक्रार न्हाई देत. पर लिमये, त्या पोरीनं रजिस्टरात खोटं लिवलंय, ते तर खरं? तिला आजच मोकळी करा. खोटी सही करनारं मानूस मला नगं. त्यापायी अकराशे कुप्या गेल्या.”

दीक्षाने मान डोलावली, जणू ती शिक्षा तिने स्वतःच आधी लिहून ठेवली होती.

“मी बदलली नाही,” समाधान म्हणाला.

आवाज इतका बारीक आला की त्याला पुन्हा बोलावं लागलं. “बॅटरी मी बदलली नाही, बापूसाहेब. मशीन उघडलंच नाही. बंद करायचं नाही, असं सांगितलेलं होतं. मग मी बाहेरून फडकं मारलं आणि सातही चौकटींत खुणा केल्या. बाहेरच्या कॉम्प्युटरची बॅटरी मेलीय हे मला मेपासून माहीत आहे. दोन्ही मशीनं एकाच वेळी घेतलेली, एकाच वयाची, म्हणजे याचीही गेलेली असणार, हेही माहीत होतं. तीस रुपयांची वस्तू. आणायचा कंटाळा केला आणि मावशींना एफ-वन शिकवलं.” त्याने श्वास घेतला. “हिने एक ओळ खोटी लिहिली. मी सात लिहिल्या. हिला काढायचं असेल तर आधी मला काढा. आणि मी सकाळपासून इथे उभा आहे, बापूसाहेब. हिचं ऐकूनही गप्प बसलो.”

बापूराव त्याच्याकडे बघत राहिले. शिव्या येतील असं समाधानला वाटलं. आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“तू उद्यापास्नं येऊ नगं,” ते शेवटी म्हणाले. “बॅटरी घालून दे आन् जा.” मग दाराकडे न बघता, “पोरी, तू बस जागेवर. रजिस्टरात ती ओळ खोड आन् खरं काय ते लिव. म्या बी लिवतो, बटन म्या बंद केलं म्हनून. लिमये, तुमी बी.”

समाधान बाहेर जाऊन दोन्ही मशीनांसाठी दोन बॅटऱ्या घेऊन आला. कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातच मिळाल्या, चालत तीन मिनिटांवर. त्याने स्क्रू काढले, मशीन उघडलं. आतली धूळ बोटभर होती. जुनी बॅटरी काढून नवी बसवली, तारीख लावली: चोवीस ऑक्टोबर, दोन हजार सात. रिषीने चाचणीचा मेल सोडला आणि खोलीतले सगळे मोबाइल एकामागून एक वाजले.

कुणालाच आनंद झाला नाही.

समाधानने कार्ड घेतलं, जुलैच्या सातही खुणा खोडल्या आणि खाली पुन्हा सही केली. ताई बाजूला उभ्या होत्या.

“तुम्हाला कधी कळलं?” त्याने विचारलं.

“गोदाबाई एफ-वन म्हणाल्या तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत? उलट मला सुटायला वाट दिलीत.”

“मला निर्दोष कोण, ते शोधायला बोलावलं होतं. ते शोधलं,” ताई पर्स बंद करत म्हणाल्या. “उरलेलं तुझं होतं. आणि बाकीच्या नऊ ठिकाणी उद्या सकाळी जायचंय. स्कूटर तू चालव, पेट्रोल तुझं.”

दोघं बाहेर आले. स्वागतकक्षात दीक्षा टेबलाशी बसून रजिस्टरात लिहीत होती, सावकाश, ठळक अक्षरांत. समाधान थांबला. तिने मान वर केली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. गोदाबाई पुढे झाल्या नाहीत. दीक्षाने रिसीव्हर उचलला, ऐकलं, “एक मिनिट थांबा, डॉक्टर” म्हणाली आणि त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. मग तिने समाधानकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच त्याला जड गेलं.

“वेल्ह्याचे डॉक्टर आहेत,” ती म्हणाली. “काल रात्री एक बाई आणली होती, तिला पुण्याला पाठवावं लागलं म्हणतात. लस कधी येणार विचारतायत. काय सांगू, दादा?”

समाधानने पुढे होऊन रिसीव्हर हातात घेतला.